आबांच्या देखत

नगरच्या दवाखान्यात समाजसेविका म्हणून लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. चेष्टा नाही, खरंच तसं वाटायचं. मुंबईला दोन वर्षं शिकून आले होते. मानसशास्त्राच्या टिपणांच्या चार जाड वह्या ट्रंकेत होत्या. शिवाय जन्म पुण्यातला, म्हणजे खेड्यातली माणसंही आपलीच आणि त्यांची भाषाही आपलीच, त्यांना ओळखायला वेगळं काय लागतंय, अशी समजूत. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

दुष्काळातला उन्हाळा होता, त्र्याहत्तर सालचा. जिल्ह्यातली निम्मी माणसं खडी फोडायला नाहीतर तलावाच्या कामावर. दवाखान्यात ठेचलेली बोटं आणि जुलाबाची पोरं यांची रीघ लागलेली असायची. डॉक्टरांना ज्याच्यात काही सापडत नसे तो पेशंट माझ्याकडे यायचा. माझी खोली म्हणजे औषधांच्या कोठीचा प्लायवूड लावून तोडलेला एक कोपरा. पार्टिशन छतापर्यंत गेलेलं नव्हतं. पलीकडच्या बाकावर कोणी उसासा टाकला तरी मला ऐकू यायचा आणि मी वैतागायची.

त्या दोघांना ड्रेसिंगच्या सिस्टरनं पाठवलं. तो पंचविशीचा, ती विशीची. गाव सुप्याच्या अलीकडे, घरची कोरडवाहू शेती. पाझर तलावाच्या कामावर धोंडा पडून तिचं पाऊल चेचलं होतं आणि जखम भरत नव्हती. दर तिसऱ्या दिवशी तो तिला एस.टी.नं घेऊन यायचा. पण सिस्टरनं चिठ्ठीत पायाचं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच, की बाई जेवत नाही, नवऱ्याशी बोलत नाही, दीड महिन्यामागे दहा महिन्यांची मुलगी गेली आहे.

माझ्या खिडकीतून फाटक दिसायचं. ती लंगडत पुढे आणि तो चार पावलं मागे. तिकडचा पुरुष बायकोच्या पुढे चालतो, मागे नाही. मला ते दिसलं होतं, पण पायामुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली तो खांद्यावरचा टॉवेल पसरायचा, तिला बसवायचा, नळावरून तांब्या भरून आणायचा. कधीकधी दोघांचे ओठ हलल्यासारखे वाटायचे. केसपेपरात यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी ते लिहिलं नाही.

तिसऱ्या खेपेला ती माझ्यापाशी बोलली, तेही तो बाहेर असताना. घरी सासू नव्हती. सासरे, नवरा आणि ती, तिघंही तलावाच्या कामावर. पाय चेचल्यानंतर दोन दिवसांनी, ही कामावरच बसून खडी फोडत असताना, सकाळपासून पोरीला जुलाब सुरू झाले आणि दुपारच्या भाकरीच्या वेळेला तिची मान लुळी पडली. डॉक्टर सुप्यात, तीन मैलांवर. हिला पाय टेकवत नव्हता. सासरे आणि भावकीतली वडीलधारी माणसं तिथंच भाकरी खात बसली होती. हिनं पोर दोन्ही हातांवर धरून नवऱ्यापुढे केली आणि पळा म्हणाली. सासरे म्हणाले, गाडी जुंपून आण. तो गावाकडे पळत सुटला. बैलगाडी यायला तास-दीड तास गेला आणि सुप्याच्या वाटेवर गाडीतच पोर गेली.

"हात पुढं केलं हुतं मी," ती म्हणाली. "त्येंनी घेतली न्हाई."

त्यानं मुलीला कधी घेतलं होतं का, असं मी विचारलं. तिनं खाली बघितलं. मी लिहिलं, कधीही नाही.

मग माझ्या वह्या उघडल्या. दाबलेला राग आत वळतो आणि माणसालाच खातो, हे तिथं होतं. तो ज्याच्यावर आहे त्याच्यासमोर बाहेर पडला पाहिजे, नवरा-बायकोला समोरासमोर बसवावं आणि आपण मधून बाजूला व्हावं, हेही होतं. मुलगी म्हणून बापानं जीव लावला नाही, हे मी माझ्या पदरचं घातलं. आणि एवढ्यावर भागलं नाही. मला वाटलं, ही पुस्तकं परदेशातली, तिकडे नवरा-बायको म्हणजे दोघंच. आपल्याकडे लग्न घराशी होतं, तेव्हा सल्लाही घराला द्यायला हवा. या विचारावर मी भलतीच खूश झाले. पुढच्या खेपेला वडलांना घेऊन या, अशी चिठ्ठी लिहून मी त्याच्या हातात दिली.

त्यानं चिठ्ठी दोनदा उलटीसुलटी केली. "आबांना कशाला, बाई?"

मी त्याला दहा मिनिटं समजावलं. त्याला पटलं म्हणून तो गप्प बसला असं मला वाटलं. चिठ्ठी घडी करून त्यानं खिशात ठेवली.

आबा आले. पांढरं धोतर, पागोटं, बोलणं मऊ. मी लेकीच्या वयाची असून मला बाईसाहेब म्हणाले. सुनेच्या पायाची चौकशी केली. मी त्यांच्याशी थोडं बोलले आणि मग, सासऱ्यासमोर सून तोंड उघडणार नाही एवढं मला कळतं या तोऱ्यात, त्यांना बाहेर बसवून चहा मागवला. बाहेर म्हणजे पार्टिशनच्या पलीकडच्या बाकावर. आठ महिने त्या बाकावरचा उसासा ऐकून वैतागणारी मी. आवाज तिकडून इकडे येतो तसा इकडून तिकडे जातो, हे माझ्या टाळक्यात त्या दिवशी आलं नाही. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

ती खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून खाली बसली. मी बसू दिलं, आणि तेही मला माझं शहाणपण वाटलं. ती माझ्याकडे बघून बोलायची, तोही माझ्याकडे बघून उत्तर द्यायचा. मी म्हटलं, माझ्याशी नको, त्यांच्याशी बोल. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. चार वेळा तरी म्हटलं असेन. शेवटी तिनं पदर सारखा केला आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी घेतली असती तर जगली असती," ती म्हणाली. "माझी पोर तुमी मारली."

आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला विचारलं, का नाही घेतलंत? मुलगी होती म्हणून? तो नाही म्हणाला. मग का? तो पार्टिशनकडे बघत राहिला. शांतता पडली तर पडू द्यावी, आपण भरू नये, असं माझ्या वहीत होतं, म्हणून मी गप्प बसले. त्या शांततेत पलीकडून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग आबा खाकरले. तो ताडकन उभा राहिला. तिनं पदर कपाळाखाली ओढला.

ते गेल्यावर मी केसपेपरावर लिहिलं, राग प्रथमच व्यक्त झाला, प्रगती समाधानकारक.

पुढच्या ड्रेसिंगला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. पंधरा दिवसांनी तो एकटा आला, दवाखान्याची कुबडी परत द्यायला. परक्या बाईपुढं माझ्या लेकाला खुनी ठरवणारी सून या घरात पाणी पिणार नाही, असं आबांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला बोलावून तिला माहेरी लावून दिलं. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? तो काही म्हणाला नव्हता.

कुबडी भिंतीला लावून तो उभाच राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "मी घ्यायचो तिला, बाई. आबा परसाकडं गेलं की घ्यायचो. तेवढ्या येळात. लई हसायची. त्येंच्या देखत कसं घ्यावं?"

हे मला नवीन नव्हतं. माझ्या स्वतःच्या बापानं आजोबा असेपर्यंत आम्हा भावंडांपैकी एकालाही मांडीवर घेतलं नव्हतं. वडलांसमोर स्वतःच्या पोराला खेळवणं म्हणजे निर्लज्जपणा. आजोबा फिरायला गेले की बाबा पटकन धाकट्याला उचलायचे आणि दारात चपला वाजल्या की पाळण्यात टाकायचे. ही गोष्ट आई सांगायची आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. मी त्यांची संस्कृती शोधत बसले होते आणि माझ्या घरातली मला आठवली नव्हती. पुणेकरीण म्हणून मला जे हसण्यावारी नेता आलं होतं, त्यात या माणसाची पोर गेली होती.

तो म्हणाला, तिला एवढं सांगाल का. मी हो म्हटलं. मला वाटलं, तिला हे कळलं की ती परत येईल, राग जाईल. म्हणजे अजूनही मला सगळं कळतच होतं.

तिचं माहेर श्रीगोंद्याच्या बाजूला. रविवारी दोन एस.टी. बदलून आणि कोस-दीड कोस चालून मी गेले. ती दारात तांदुळजा निवडत बसली होती. पायाला चिंधी होती आणि जखमेला वास येत होता. आधी त्यावरून मी तिला बोलले, कारण दुसरं काही बोलायचं धाडस होईना. मग सांगितलं, आबा परसाकडे गेले की तो तिला घ्यायचा.

तिनं निवडणं थांबवलं नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी दाराआडनं बघायची की."

मग तू त्या दिवशी तसं का म्हणालीस, असं मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं. त्याला घेता येत नव्हतं याचा तिला राग नव्हता. येत होतं आणि त्या एका वेळेला आबांच्या देखत घेतलं नाही, याचा होता. तो राग पोरीइतकाच त्या दोघांचा होता, त्यात तिसऱ्याचं काम नव्हतं.

भाजी सुपात सारून ती म्हणाली, "दवाखान्याच्या वाटंवर आमी बोलाया लागलो हुतो, बाई. घरात न्हाई बोलता येत. यष्टीतनं उतरलं की मग. त्ये रडायचं. मी म्हनलं बी आस्तं त्येंना हे वाटंवरच, पायाचं बरं व्हईस्तवर. तुमी आबांना बोलावलं."

एवढंच. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघांना घरापासून दूर, एकमेकांबरोबर मिळणारा तो तेवढाच रस्ता होता, आणि मी त्या रस्त्यावर सासऱ्याला आणून बसवलं होतं. मी तिची माफी मागितली. ती चहा टाकायला उठली.

पुढच्या आठवड्यात तो आला. तिला माहीत होतं, मी सांगितलं. सगळं? त्यानं विचारलं. सगळं, मी म्हटलं. तो लिंबाखालच्या त्याच जागेवर बसला, टॉवेल न पसरता. मी त्याच्याशेजारी उभी राहिले आणि वह्यांत नव्हतं ते बोलले. म्हटलं, सल्लाबिल्ला सोडा, उद्या उठा आणि तिला आणा. एकटे जा. पाय सडतोय, उशीर करू नका. तुम्ही गेलात तर ती येईल, आणि आबा चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. मी त्याला जवळजवळ दटावत होते. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. डोळे पुसले. एकदा तर मला वाटलं, आता इथूनच तो श्रीगोंद्याची गाडी धरतो.

"व्हय," तो उठत म्हणाला. "जातो मी. आबांना इचारतो आन् जातो."

फाटकातून तो बाहेर पडला तेव्हा त्याची पावलं सावकाश पडत होती, पुढे कोणी लंगडत चालल्यासारखी. तिचा केसपेपर मी वर्षभर टेबलावरच ठेवला. दोघांपैकी कोणीच पुन्हा आलं नाही.