तारखेला आलेला टीव्ही

शिपायाने दारात उभं राहून पुकारा केला, "राहुल अहिरे!" मागच्या बाकावरची बाई उठली आणि दाराकडे बघायला लागली. दारातून कोणी आलं नाही. राहुल अहिरे मी बसवलेल्या टीव्हीवर आला होता.

टीव्हीचं तोंड साहेबांकडे, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे. त्यांनी नाव विचारलं, काही तक्रार आहे का विचारलं. "नाही साहेब," टीव्हीतून आवाज आला. पुढची तारीख पडली. आवाज ऐकून ती बाई थोडी पुढे सरकली, इकडेतिकडे बघितलं, आणि परत दाराकडे बघत राहिली.

"मावशी, झालं तुमचं," बेंच क्लार्क निकम म्हणाले. "पुढची तारीख घ्या आणि जा."

"पण तो आलाच नाही," ती म्हणाली.

उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यातल्या एका कोर्टातली ही गोष्ट. दोन हजार सालानंतरची. कोर्ट आणि जेल व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने जोडायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. मी इंजिनीअर, राहायला बदलापूरला, म्हणून ही साइट माझ्या गळ्यात पडली. काम समजायला सोपं आहे. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागायचाय त्याला, ठरावीक दिवसांनी कोर्टापुढे उभं करावं लागतं. त्याला पोलीस पार्टी लागते, गाडी लागते. पोलीस बंदोबस्तात अडकले की तारीख फुकट जाते आणि माणूस आत पडून राहतो. त्यापेक्षा एक कॅमेरा जेलमध्ये, एक कोर्टात, मधे टेलिफोनची लाईन. योजना चांगली होती. मी आजही तेच म्हणेन.

दुपारी व्हरांड्यात त्या बाईने मला गाठलं. सुमनबाई अहिरे. उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीत जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम. मांडीवर कापडात बांधलेला डबा.

"टीव्हीवाली तूच ना? त्याला आता आणणारच नाहीत का?"

"सहसा नाही, मावशी. इथूनच काम होईल."

"जेलात भेटायला जा म्हणतात. ते जेल कुठे लांब, जाऊन-येऊन दोन दिवस. घरी माणूस लकव्याने पडलेला, त्याला कोणाच्या भरवशावर सोडू? इथे तारखेला यायचा तेवढंच. हवालदार भला असला तर बाकावर शेजारी बसू द्यायचा. तो भाकरी खायचा, मी बघायची. बस, तेवढंच."

तिने डब्याची गाठ घट्ट केली. मग विचारलं, "आज कसा दिसत होता गं?"

मी सगळा वेळ सिग्नल बघत होते. चित्र तुटतंय का, आवाज मागे पडतोय का. त्या मुलाचा चेहरा मला आठवेना.

"बरा होता," मी म्हणाले.

"वाळलाय का?"

संध्याकाळी मी बॉसला, देशमुख सरांना, फोन केला. "सर, लोकांकडे तोंड करून एक जादा टीव्ही लावूया."

"स्कोपमध्ये आहे का?" स्कोप म्हणजे कंत्राटात लिहिलेलं काम.

"नाही. पण स्टोअरमध्ये डेमोचा एक जुना पडलाय."

"आपलं गिऱ्हाईक कोर्ट आहे. पब्लिक नाही."

"कोर्टाने मागितला तर?"

"मग लेखी घे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साहेबांच्या चेंबरमध्ये मी सुमनबाईंचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं की सुनावणी सगळ्यांसमोर व्हायची असते, पण मागे बसलेल्यांना तर आता काहीच दिसत नाही. "खरंय की," साहेब म्हणाले आणि निकमांना पत्र टाइप करायला सांगितलं.

पुढच्या तारखेला दुसरा टीव्ही भिंतीला लागला. सुमनबाई सकाळीच येऊन त्याच्यासमोर बसल्या होत्या. राहुल दिसला. विशीतला, दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून उतरलेला. त्या हळूच उभ्या राहिल्या.

"वाळलाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी त्याला दिसते का?"

"नाही मावशी. कॅमेरा साहेबांवर आहे."

त्या खाली बसल्या. राहुल सरळ समोर बघत उत्तरं देत होता. त्याच्या दृष्टीने त्या खोलीत आई नव्हतीच.

सगळे पुकारे संपल्यावर मी साहेबांना म्हणाले, "सर, लाईन तोडायच्या आधी टेस्ट करायची आहे. जेलमध्ये मघाचाच मुलगा बसलाय." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या बाकाकडे.

"करा टेस्ट," ते म्हणाले. "मी चहा घेऊन येतो."

मी रिमोटने कॅमेरा सुमनबाईंकडे फिरवला. पडद्यावर राहुल एकदम पुढे झुकला.

त्या लाईनवर आवाज जरा उशिरा पोचायचा. दोघं एकदम बोलायचे, एकदम थांबायचे. शेवटी मी सांगितलं, "एकाने बोला, मग गप्प राहा."

"मम्मी, पप्पा कसे आहेत?"

"आहेत. तू झोपतोस का नीट?"

"झोपतो."

सुमनबाईंनी उठून टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. त्यांच्या हाताने मुलाचं तोंडच झाकलं गेलं, तेव्हा त्यांनी तो पटकन काढला.

"दिसतो, बोलतो," त्या मला नंतर म्हणाल्या, "पण हाताला लागत नाही."

अशा दोन-तीन टेस्ट झाल्या. मग निकमांनीच सुमनबाईंच्या वकिलाला सुचवलं की अर्ज टाका, अधूनमधून आरोपीला प्रत्यक्ष आणा म्हणून. साहेबांनी तो मंजूर केला.

त्याला आणलं त्या दिवशी मला कोर्टात काही काम नव्हतं. तरी विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून मी गेले. व्हरांड्यातल्या बाकावर राहुल बसला होता, पलीकडे हवालदार पेपर वाचत होता. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांचं साठलेलं बोलतील. सुमनबाई नुसत्या मुलाच्या शर्टाची कॉलर सरळ करत होत्या. ती सरळ झाली होती, तरी करत होत्या.

राहुल पुढे जामिनावर सुटला. मी तोवर दुसऱ्या कामावर गेले होते: गावोगावी कार्डावर पेन्शन देणारी मशिनं बसवायची. तिथे साइटची पाहणी करताना वीज आहे का, लाईन आहे का, खोलीला कुलूप आहे का, एवढं विचारायचं असतं. मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. सध्या पेन्शनच्या रांगेत कोण कोणाला भेटतं?

कंपनीच्या फॉर्मवर त्याला जागा नाही. उत्तर समासात लिहावं लागतं.