आधी विचारून घेणारी बाई

सुभद्राआत्याने मला वाढवलं, शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो. आता तिच्या पोटातली गाठ वाढते आहे. वडवणीजवळच्या आमच्या गावात तिला सांभाळते ती शेजारीण.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे लोक आपली म्हातारी माणसं याच बाईच्या ओसरीवर ठेवून जातात. ती त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवते, हनुवटी पुसते, दिवसभर बडबडते. पण ट्रॅक्टर हलण्याआधी म्हाताऱ्यासमोरच लेकाला विचारते, "माघारी काय झालं, तर तुझी वाट बघायची का माती उरकायची?" सुना चिडतात. ती म्हणते, "मरण इचारून येतंय व्हय? मग आपुनच आधी इचारावं." मला तो प्रश्न निर्दयी वाटायचा.

परवा मी नोकरीवर परत निघालो, तेव्हा तिने मलाही विचारलं, "लई झालं तर आत्याला बीडला न्यायचं का हितंच ठिवायचं?"

"दवाखान्यातच न्या. तिच्यासाठी एवढं तरी करू द्या मला."

"तुमचं कळलं, सायेब." मग वाकून तिने तेच आत्याच्या कानात ओरडून विचारलं.

आत्याने खाटेची कड घट्ट धरली. "न्हाई जायाचं. हितंच."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी एसटीत बसलो.

आत्याला फोनवर ऐकू येत नाही, पण मोठी अक्षरं वाचता येतात. पोचल्यावर मी तिला पत्र पाठवलं:

"आत्या, तू म्हणालीस तसंच. दवाखाना नाही. बाईंनाही कळवलं आहे. मी रजा घेऊन येतो आहे. माझं अंथरूण तुझ्या खाटेशेजारी टाकायला सांग."