कागदावरची लाल रेघ

दवाखान्यात तिला सगळे ओळंबाबाई म्हणत. पाठदुखीचा माणूस आला की ती त्याला छताला टांगलेल्या ओळंब्याच्या सरळ दोरीसमोर अनवाणी उभं करायची, पण ‘सरळ उभे राहा’ असं चुकूनही म्हणायची नाही. तसं म्हटलं की माणूस फोटोला उभा राहतो आणि खरी पाठ लपवतो. ती जागच्या जागी चार पावलं टाकायला लावायची, मग मागून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर टेकवून कुठली बाजू वर आहे ते बघायची.

दवाखान्याच्या नव्या साहेबांनी भिंतीवर कॅमेरा बसवला. त्यातून निघणाऱ्या कागदावर प्रत्येकाच्या पाठीतून लाल रेघ आणि प्रत्येक जण वाकडा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बाईला त्या गुळगुळीत कागदांची शिसारी यायची. पण तपासणीच्या कागदाखाली सही तिचीच लागायची, आणि ढिगारा पुढे आला की नाक मुरडत ती सह्या करून मोकळी व्हायची.

त्या दिवशी कपड्यांच्या कारखान्याने तपासायला पाठवलेली एक कटिंगवाली आली. बारा वर्षं एका पायावर भार देऊन टेबलावर ओणवी राहिलेली. तिचा कागद तयारच होता: मणक्याला जन्मजात बाक. तसं ठरलं की दुखणं कारखान्याच्या माथी येत नव्हतं आणि हिची नोकरी जात होती. साहेबांना फक्त सही हवी होती.

बाईने तिला खाली वाकायला लावलं. बाक जन्मजात असता तर एका बाजूच्या बरगड्या वर आल्या असत्या. पाठ दोन्हीकडून सारखी होती. बाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तो कागद टराटरा फाडला आणि स्वतःच्या हाताने नवा लिहिला: बाक जन्माचा नाही, कामाचा आहे. खाली सही ठोकली.

कटिंगवालीने तो दोनदा वाचला. तिला आनंद झालेला दिसेना.

“माझ्या थोरल्या जावेला गेल्या महिन्यात कामावरून काढलं,” ती म्हणाली. “जन्मजात बाक म्हणून. तिच्या कागदावर तुमचीच सही आहे, बाई. तिला वाकवून बघितलं होतं का तुम्ही?”

बाई जावेचा चेहरा आठवू लागली. आठवणार कुठून?

“नाही,” ती म्हणाली. “मी तिला पाहिलंच नाही.”

बोलताना तिला स्वतःचीच किळस आली, साहेबांची कधी आली नव्हती एवढी. कटिंगवाली कण्हत चपला घालायला वाकली. आधाराला म्हणून बाईने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.