मानसरळचा पासपोर्ट

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाला सगळे ‘मानसरळ’ म्हणत, कारण समोर स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला तो आयुष्यभर तेवढंच सांगत आला होता. मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका. पासपोर्टचे फोटो ही त्याची खासियत. स्वतःचा पासपोर्ट मात्र त्याने कधी काढला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हलवाई कुठे स्वतःची मिठाई खातो?" त्याला हे फार हुशारीचं बोलणं वाटायचं.

ही हुशारी अंगाशी आली ती ताईमुळे. त्याची थोरली बहीण लग्न होऊन परदेशी गेलेली, आणि आता तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दर रविवारी ती फोनवर म्हणायची, "दिसतंय तोवर एकदा ये. तुला डोळे भरून बघू दे." मानसरळने त्याच आठवड्यात अर्ज भरला.

पहिली माशी शिंकली जन्मस्थळावर. वडील तेव्हा सीमेपलीकडच्या कारखान्यात कामाला होते, आणि हा तिथेच जन्मला. रांगायला लागायच्या आत इथे आला, तो कुठे गेलाच नाही. पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही इथले नागरिक कशावरून?"

"निम्म्या गावाला मी पासपोर्टसाठी स्टुलावर बसवलं," तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "आणि मीच पाहुणा निघालो."

वडील इथले नागरिक होते हे सिद्ध करायचं होतं, आणि पलीकडे जन्मलेल्या मुलाची इथे नोंद का केली नाही तेही सांगायचं होतं. वडिलांच्या आळसाला तो दोन शब्द सुनावणार होता. पण स्वतःच्या दुकानाचा परवाना कधीच संपलेला, हे आठवून गप्प बसला. या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालताना वर्ष सरलं. शेवटी सरकारने मान्य केलं की हा माणूस इथलाच आहे. त्याने बायकोला भारदस्त आवाजात सांगितलं, "आता जरा अदबीने बोलायचं. नागरिकाशी बोलते आहेस."

आता फक्त ताजा फोटो द्यायचा होता. म्हणजे घरचंच काम. त्याने पांढरा पडदा लावला, टायमर लावला, स्वतःलाच "मान सरळ" सांगितलं, आणि फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पासपोर्टच्या फोटोला हात लावायचा नाही, अशी पाटी त्यानेच भिंतीवर टांगली होती. गिऱ्हाइकांच्या बाबतीत तो ती पाळायचाही. पण लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो साफ करून करून हाताला खोड लागलेली, आणि समोर चेहरा स्वतःचा. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. केस थोडे दाट झाले. डाव्या भुवईवरचा व्रणही गेला. फोटो बघून तो म्हणाला, "वा, काय माणूस आहे."

खिडकीवरच्या बाईंनी फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हे तुमचे धाकटे भाऊ का?"

"मीच तो."

"ओळखीची खूण म्हणून भुवईवरचा व्रण लिहिलाय तुम्ही. फोटोत कुठे आहे?"

त्याने थापा मारून पाहिल्या. उजेड जास्त पडला, कॅमेरा जुना आहे. बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटो त्यानेच काढला होता, आणि त्यांच्या गालावरचा तीळ त्यातून त्यानेच उडवला होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. अर्ज चौकशीला गेला आणि आणखी पाच महिने तिथेच पडून राहिला. गल्लीत ही गोष्ट त्याने स्वतःच रंगवून सांगितली. दुसऱ्याने सांगितली असती तर जास्त झोंबली असती. एकटा असताना मात्र त्याला स्वतःची चीड यायची. तिकडे बहिणीचे डोळे चालले होते, आणि इकडे हा केस दाट करत बसला होता.

पासपोर्ट हातात पडला तेव्हा त्यात नव्याने काढून दिलेला, हात न लावलेला फोटो होता, पिशव्यांसकट. त्याने रविवारची वाट न बघता फोन लावला.

"ताई, आला एकदाचा. पुढच्या आठवड्यात तुझ्यासमोर उभा राहतो. बघून घे."



"ये रे," ती म्हणाली. "पण बघण्याचं काही खरं नाही. दिसायचं केव्हाच बंद झालंय. तुझा अर्ज चौकशीला गेला ना, त्याच्याही आधी."

तो खाली स्टुलावर बसला. रडू आलं, ते त्याने आवरलं नाही.

"मग दर रविवारी कशाला म्हणत होतीस, दिसतंय तोवर ये म्हणून?"

"तसं म्हटलं नसतं, तर तू हेलपाटे सोडले असतेस. आता काय उपयोग, म्हणून घरी बसला असतास. मला तू यायला हवा होतास."

मी असा नाही, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण तो स्वतःला चांगला ओळखत होता.

"सोडले असते, ताई," तो म्हणाला.

"माहितीये मला. तिकीट काढ."