गोराईच्या विहिरीचं पाणी

लेकीचं लग्न कुठे करायचं यावरून दोन्ही घरांत तणातणी चालली होती. मुलाकडचे मुलुंडचे. आमच्यासारखेच जुन्या गावठाणातले ख्रिस्ती, पण आता टॉवरमध्ये राहणारे. त्यांना बोरिवलीचा एसी हॉल हवा होता. "तुमच्या गोराईला बोटीतून कोण येणार हो?" असं विहीणबाई फोनवर म्हणाल्या आणि माझं डोकंच सटकलं.

लेकीचा हट्ट एकच होता, उंबराचं पाणी. लग्नाआधी आमच्या बायका बँड लावून, नाचत गावच्या विहिरीवर जातात आणि नटवलेल्या कळशांतून आणलेल्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात; नवऱ्याकडेही तसंच. "हॉलच्या बेसिनपाशी नाचायचं काय, डॅडी?" ती म्हणाली.

मी विहीणबाईंना निरोप धाडला, आधी गाव बघा, मग बोला. रविवारी त्या एकट्याच आल्या. जेट्टीवर उतरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बारा वाजले होते.

मी त्यांना मुद्दाम लांबच्या वाटेनं नेलं. बांबूंवर वाळणारे बोंबील, मग कौलारू घरं, लाकडी कठड्यांचे ओटे, गल्लीच्या तोंडाशी झेंडूची माळ घातलेला क्रूस. पुढे थोडं चाललं की जिल्हाच बदलतो, म्हणून शहरातले लोक आम्हाला टोकाचे म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. बोरिवलीत नुसती शेतं होती तेव्हाही आमच्या चर्चची घंटा वाजत होती. हे मी त्यांना दोनदा ऐकवलं. त्या नुसत्या "हो का" म्हणाल्या.

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या शेजारणीनं हाक मारली, "विहीण का रे ही? थांब, मी पण येते." आणि ती खरंच आमच्यामागे चालू लागली.

विहिरीशी विहीणबाई थांबल्या. वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"आमची बुजवली," त्या म्हणाल्या. "वर पार्किंग झालंय. मोठ्याच्या लग्नात बँड घेऊन आम्ही सोसायटीच्या टाकीवर गेलो. वॉचमननं नळ सोडला. सगळ्या नाचत होत्या आणि मला रडू येत होतं." मग हळूच म्हणाल्या, "धाकट्याला इथलं पाणी मिळेल?"

रिवाज असा की ज्यानं त्यानं आपापल्या गावचं पाणी आणावं. मी काही बोलायच्या आत म्हातारी कडाडली, "एका विहिरीच्या पाण्यानं दोघं न्हाली तर भाऊबहीण नाही का होणार?"

विहीणबाईंचा चेहरा पडला. माझा राग मात्र तिथेच ओसरला. ज्यांची विहीर गेली त्यांना पाणी नाही म्हणायचं, एवढं आमचं गाव कोतं नाही.

"नवऱ्याचं पाणी आदल्या संध्याकाळी काढू," मी म्हटलं. "नवरीचं सकाळी. तोवर रात्रभर नवं पाणी झिरपेल."

म्हातारीनं जरा विचार केला. "मग चालेल," ती म्हणाली.

हॉलचा विषय पुन्हा निघालाच नाही. विहीणबाईंनी चपला काढल्या, दोर मागून घेतला आणि स्वतः पोहरा ओढला. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "तुमचं गाव फार मोठं आहे हो."

अख्खं गाव फिरायला आम्हाला तासही लागला नव्हता. तरी मी म्हटलं, "आहेच."