लोखंड खाकरतं, चांदी गाते

आमचे शेजारी तानसेन नाहीत, कानसेन आहेत. छत्तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या नोकरीत एकच काम केलं. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. भर रहदारीत हा गृहस्थ असा तल्लीन उभा राहायचा, की नवख्याला वाटावं, पृथ्वी यांच्या कानात काहीतरी खासगी सांगते आहे. मग बोट दाखवून म्हणायचे, "इथे." खणलं की पाणी! हातभर इकडे नाही की हातभर तिकडे नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र या कानांवर घरातूनच अविश्वासाचा ठराव आला. "अहो, दूध उतू गेलं! तीन हाका मारल्या मी!" असं म्हणून वहिनींनी कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेऊनच टाकली. कानात यंत्र बसवायचं. घाव इतका वर्मी बसला, की त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं तरी कानसेनांनी ती दोनदा वाढून घेतली.

शनिवारी ते दोघं वहिनींच्या भावाकडे निघाले, आणि चहाच्या आशेने मीही. हा मेहुणा भारी हौशी. त्याने धातू शोधायचं यंत्र घेतलं होतं. लांब दांडा, खाली थाळी, मुठीजवळ छोटा पडदा आणि कानाला हेडफोन, त्यात प्रत्येक धातूचा आवाज वेगळा. महिन्याभरात त्याला अकरा खिळे, बाटल्यांची तीन बुचं आणि स्वतःच्याच सायकलची घंटी एवढा खजिना सापडला होता. घरामागे शेड बांधायची म्हणून जमीन धोपटून सपाट केली होती आणि दुपारी काँक्रीटची गाडी येणार होती.

"दाजी, बघा जरा फिरवून," मेहुणा म्हणाला. तेवढीच करमणूक!

कानसेन थाळी फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. मान कलती झाली, डोळे मिटले. ते उभं राहणं मी रस्त्यात शंभर वेळा पाहिलं होतं.

"इथे."

मेहुण्याने पडद्यात डोकावलं. "लोखंड दाखवतंय, दाजी. मी इथे पाच वेळा फिरवलंय. खिळा असेल."

"लोखंड आहेच. ते खाकरतंय. पण त्याच्या खालून काहीतरी गातंय."

"घरात दूध उतू गेलेलं कळत नाही," वहिनी म्हणाल्या, "आणि म्हणे गातंय!"

"दूध गात नाही."

"दोन तासांत गाडी येतेय, दाजी! आता कुठे खणताय?"

कानसेनांनी हेडफोन काढले. "नुसतं लोखंड निघालं, तर सोमवारी एका नाही, दोन्ही कानांत यंत्र बसवून घेतो. दुसरं काही निघालं, तर माझ्या कानांचा विषय आपल्या घरात कायमचा बंद."

वहिनींनी स्वतः कुदळ आणून दिली.

हातभर खणल्यावर निघाला एक गंजका, रिकामा डबा. मेहुण्याने बहिणीकडे बघत दोन्ही कानांत बोटं घातली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? कानसेन मात्र गुडघ्यांवर बसले आणि डब्याच्या गंजून फुटलेल्या तळाखालची माती बोटांनी मोकळी करू लागले. एक काळी चकती हाताला लागली. त्यांनी ती पायरीच्या दगडावर टाकली.

खण्ण!

आपण सगळे नाणं वाजवून घेतो. या माणसाने ते जमिनीत असतानाच वाजवून घेतलं होतं!

एकूण त्रेचाळीस नाणी निघाली. इंग्रजांच्या काळातली, चांदीची, अस्सल राणीछाप. काँक्रीटची गाडी आली तेव्हा ड्रायव्हरही खाली उतरून मोजायला बसला.

जुनी नाणी म्हणून मेहुण्याने संग्रहालयात फोन केला. तिथल्या बाई येईपर्यंत वहिनींनी एक नाणं भांड्यांच्या घासणीने लख्ख करून ठेवलं होतं. त्यात राणीचं नाक गेलं. बाई रडकुंडीला आल्या. "अहो, बाकीची घासू नका हो!"

"मग काय अशी काळी देऊ पाहुण्यांच्या हातात?"

बाईंनी वही उघडली. "यंत्र तर लोखंड दाखवत होतं म्हणता. मग खणलंत कशाला?"

कानसेन नखातली माती काढत राहिले. उत्तर दिलं मेहुण्याने, छाती फुगवून, जणू छत्तीस वर्षं सळई त्यानेच धरली होती. "आमच्या दाजींनी ऐकलं!"

बाईंनी एकदा कानसेनांकडे पाहिलं आणि 'कसे सापडले' या रकान्यात लिहिलं, 'कानाने'.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून वहिनींचा फोन ऐकू आला. आमच्या भिंतीला कान आहेत असं नाही, वहिनींना आवाज आहे.

"आमच्या ह्यांची वेळ रद्द करा. अहो, हातभर मातीखाली चांदी गाते, ती ऐकू येते त्यांना! काय म्हणता? माझं बोलणं? ते लग्नापासूनच ऐकू येत नाही. त्याला तुमचं यंत्र काय करणार?"