पाऊणचारचा सामना

मी कोल्हापूरचा आहे, त्यामुळं फुटबॉलमधलं मला सगळं कळतं.

ही बढाई नव्हे, जन्मदाखला आहे. आमच्या पेठेत लग्नाचा मुहूर्त काढताना भटजींच्या आधी सामन्यांचं वेळापत्रक बघतात. मी स्वतः खेळत नसे (माझं खेळणं पेठेनं एकदाच पाहिलं आणि एकमतानं माझ्या हातात हलगी दिली). पण प्रेक्षक म्हणून माझा हात धरणारा कुणी नव्हता. मैदानाच्या या टोकाला मी बोंब ठोकली की त्या टोकाचा गोली दचकायचा.

पुढं विम्याच्या नोकरीनं मला चेन्नईत आणून टाकलं. बायकोही इथलीच मिळाली. पद्मा तंजावरी मराठी घराण्यातली, म्हणजे दोन-तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून मराठी टिकवलेल्या माणसांतली. ती मराठी मला पहिल्या वर्षी निम्मीच कळायची. सासूबाई मला ‘माप्ळे’ म्हणतात. शिवी आहे की काय, असं वाटून मी महिनाभर गप्प होतो. तमिळमध्ये जावयाला तसंच म्हणतात, हे पद्मानं नंतर सांगितलं.

आमची एकुलती एक मैथिली. तिची मराठी म्हणजे आजीचं तंजावर, बापाचं कोल्हापूर आणि शाळेतलं तमिळ यांचं सांबार. मी मात्र लहानपणापासून नियम घालून दिला होता, की माझ्याशी बोलताना शुद्ध मराठी. विशेषतः घड्याळ. ‘साडेदोन’ म्हणाली की मी हातातला घास खाली ठेवून तिच्याकडून ‘अडीच’ म्हणवून घ्यायचो. फोर-फिफ्टीन चालणार नाही, सव्वाचार म्हण. तमिळ आकडे तर घरात बंदच. पद्मा म्हणायची, “अहो, पोरीला वेळ कळली म्हणजे झालं की.” मी म्हणायचो, “भाषा घड्याळात जगते.” हे वाक्य मला अतिशय आवडायचं.

तर ही मैथिली कॉलेजच्या मुलींच्या संघात राखीव गोली झाली. राखीव म्हणजे वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. मग उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी मुख्य गोलीचं मनगट मुरगळलं आणि मैथिलीचा हॉस्टेलवरून फोन आला.

“अप्पा, शनिवारी मी गोलमध्ये.”

माझा ऊर असा भरून आला की मला खुर्ची सापडेना.

“पण भीती वाटते,” ती म्हणाली. “आमचंच ग्राउंड, पण शनिवारी हॉस्टेल रिकामं असतं. बघायला कुत्रं येत नाही. समोरच्या कॉलेजची पोरं बस भरून येतात आणि गोलीच्या पाठीमागं बसून ओरडतात. आमचं कोणीच नाही. तुम्ही माणसं आणाल?”

“आणाल? अगं, आणली समज! किक-ऑफ किती वाजता?”

ती जरा थांबली. शुद्ध मराठी जुळवत होती, हे मला कळत होतं. मला कौतुक वाटलं.

“पाऊणचार,” ती म्हणाली.

“पावणेचार,” मी दुरुस्त केलं.

“तेच,” ती म्हणाली.

फोन ठेवून मी पद्माला आणि सासूबाईंना समोर बसवलं आणि किक-ऑफचं शास्त्र समजावून सांगितलं. चेन्नईत पावणेचारला सामना ठेवणं म्हणजे घरच्या संघाशी दगाबाजी. समुद्रावरचा वारा सुटलेला नसतो, ऊन डोक्यावर, गाव जेवून घोरतंय. अशा वेळी प्रेक्षक आपणहून येत नाहीत, उचलून न्यावे लागतात. प्रेक्षक नसले की घरचं मैदान हे नुसतं मैदान. सासूबाईंनी पंचांगात बघून शनिवारचा राहुकाल सकाळीच संपतो एवढं सांगितलं आणि त्या यायला तयार झाल्या.

मी कामाला लागलो. पद्माच्या माहेरचे झाडून सगळे, आमच्या बिल्डिंगमधले झोप न येणारे सगळे, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुंदरम सर, ज्यांची दोन बोटांची शिट्टी ऐकून आमच्या गल्लीतल्या रिक्षा थांबतात. सगळ्यांसाठी एक मोठी व्हॅन ठरवली. ड्रायव्हर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामगार पोचवायचा, त्यामुळं त्यानं आधीच बजावलं, “सार, संध्याकाळची शिफ्ट आहे. सामना संपला की लगेच निघायचं.” मी म्हटलं, सामना संपल्यावर आम्हालाही तिथं काय करायचंय.

वाटेत मी सगळ्यांना ओरडायला शिकवलं. कोल्हापुरी आरोळीत शेवटचा सूर बेंबीच्या देठापासून काढायचा असतो. पद्माच्या मामेबहिणीला तो सिग्नलवरच जमला आणि शेजारचा स्कूटरवाला घसरता घसरता वाचला. हलगी मांडीवर होती. कोल्हापुरात ती जाळावर शेकावी लागते, चेन्नईत नुसती खिडकीबाहेर धरली तरी कडक होते.

कॉलेजवर पोचलो तर सामना सुरू! पिवळा संघ विरुद्ध लाल संघ, आणि पिवळे एका गोलानं मागं.

“वेळेआधी चालू केला!” मी ओरडलो. “बघितलंत? प्रेक्षक यायच्या आत गोल मारून घेतला.”

“अहो, पण मैथिली कुठाय?” पद्मा म्हणाली. “ही गोलवरची कोण?”

पिवळ्यांच्या गोलमध्ये एक उंच, शिडशिडीत पोरगी होती. मैथिली उंच नाही आणि शिडशिडीत तर आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी झालेलं नाही. मग सगळा उलगडा झाला.

“बसवली तिला,” मी म्हणालो. “ऐन वेळी बाकावर बसवली. राजकारण आहे हे.”

“नक्की हीच टीम ना आपली?”

“पद्मा, तिचा पिवळा टी-शर्ट गेलं वर्षभर दर रविवारी आपल्या गॅलरीत वाळतोय. मी रंगांधळा आहे काय?”

सासूबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, “माप्ळे, आपली पोर नाही तर आपण घरी जाऊ की.”

तिथं माझ्यातला कोल्हापूरकर उभा राहिला. मी व्हॅनच्या पायरीवर चढून सर्वांना सांगितलं, की पोरीवर अन्याय झाला असेल, पण संघ मोठा. असे ओरडा, की त्या कोचला लाज वाटली पाहिजे. आणि हलगीवर पहिली थाप टाकली.

पुढं जे झालं ते त्या मैदानानं कधी ऐकलं नसेल. सुंदरम सरांच्या पहिल्याच शिट्टीला लाल संघाच्या दोन पोरी रेफ्रीनं वाजवली म्हणून थांबल्या आणि पिवळ्यांनी गोल करून घेतला. रेफ्रीनं सरांना ताकीद दिली. सरांनी हात जोडले आणि शिट्टीऐवजी तमिळमध्ये देवाचा धावा सुरू केला. पद्माचे मामा शर्ट काढून फिरवत होते (त्यांना शुगर आहे, तरी). मी लाल संघाच्या गोलीमागं जाऊन हलगी अशी कडाडवली की ती बिचारी आपल्या बॅकना काय सांगतेय ते बॅकना ऐकूच येईना. दोघी एकाच चेंडूवर धावल्या, एकमेकींवर आपटल्या, आणि चेंडू शांतपणे जाळ्यात गेला.

पिवळे जिंकले. पोरी पळत आमच्याकडं आल्या, “थँक्यू अंकल, थँक्यू अंकल!” त्यांच्या कोचबाईंनी माझा हात धरून दोनदा हलवला. राजकारणी असल्या तरी बाई गुणग्राहक वाटल्या. मी मोठ्या मनानं त्यांना माफ केलं. व्हॅनवाला हॉर्न वाजवू लागला, तशी सगळी मंडळी घामानं निथळत, नाचत व्हॅनमध्ये चढली. मैथिलीला भेटून येतो म्हणून आम्ही तिघंच मागं राहिलो.

आणि पॅव्हेलियनच्या मागून निळ्या जर्सीतला एक संघ धावत आला. सगळ्यांत पुढं हातमोजे घातलेली मैथिली.

“अप्पा! इतक्या लवकर आलात?”

मी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. नुसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी.

“लवकर?” पद्मा म्हणाली. “तू पावणेचार सांगितलंस ना?”

“हो. चार आणि पाऊण. नाले मुक्काल.”

पद्मानं कपाळावर हात मारून घेतला आणि सासूबाई पदरात तोंड लपवून हसू लागल्या. मला समजायला थोडा वेळ लागला. तमिळमध्ये नालु म्हणजे चार आणि मुक्काल म्हणजे पाऊण. चाराच्या पुढं पाऊण तास, म्हणजे आपले पावणेपाच. पोरीनं बापाच्या हुकमाप्रमाणं त्याचं शब्दाला शब्द मराठी केलं होतं. तमिळ पाऊण घड्याळ पुढं ढकलतं, मराठी पाऊण मागं ओढतं, आणि मध्ये मी दुरुस्ती करत बसलो होतो. तिनं नुसतं ‘मुक्काल’ म्हटलं असतं तर घरात स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

“मग तो पिवळा टी-शर्ट?” पद्मानं माझ्या वतीनं विचारलं.

“तो सरावाचा. आता झाली ती दुसऱ्या दोन कॉलेजांची सेमीफायनल होती.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. “माणसं कुठायत, अप्पा?”

मी गेटकडं बोट केलं. व्हॅन वळत होती. खिडकीतून सुंदरम सर आम्हाला दोन बोटं उंच करून विजय दाखवत होते.

मैथिलीचा चेहरा उतरला. “मी सगळ्या टीमला सांगून ठेवलं होतं,” ती हळूच म्हणाली, “की माझ्या अप्पांचा आवाज येईल, घाबरू नका.”

आजवर मला कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही, आणि बोलायला माझ्याकडं आवाज नव्हता. समोरून बस भरून आलेली पोरं उतरत होती, ताशे आणि भोंगे घेऊन. पावणेपाचला सामना सुरू झाला. समुद्रावरचा सुंदर वारा सुटला. त्या दमट वाऱ्यानं हलगी सैल पडली आणि थाप मारली की ओल्या उशीसारखा फद्‌ असा आवाज येऊ लागला. शेजारच्या पोरानं दया येऊन मला पाणी दिलं.

पण एक माणूस शिल्लक होता. सासूबाईंनी पहिल्या सामन्यात चकार शब्द काढला नव्हता. आपली पोर नाही तर घसा कशाला शिणवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्या उठल्या, पदर खोचला, आणि भोंगे दम घ्यायला थांबले त्या नेमक्या क्षणी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मैथिली गे! धर चेंडू! पाडलास तर बघ!”

मैथिली हसली. मी पाहिलं, तिचे खांदे खाली आले. मग तिचाही आवाज सुटला. “डावीकडं! मागं ये! सोड, माझा!” तिन्ही भाषांत ती बॅकना हाकत होती आणि बॅक नाचत होत्या. आजी आणि नात आळीपाळीनं ओरडत होत्या. आमच्याकडून एक गोल झाला. शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मैथिली जमिनीवर आडवी होती आणि चेंडू तिच्या पोटाखाली होता. मी रडलो. निदान त्याला आवाज लागत नाही.

आम्ही सामना जिंकल्यावर पिवळ्यांच्या कोचबाई मला शोधत आल्या. “सर, फायनल आमच्या ग्राउंडवर आहे. तुम्ही नक्की या. तुमच्यासाठी गोलमागं खुर्ची ठेवते.”

मी नकारार्थी मान हलवली. स्वतःच्या मुलीविरुद्ध? पण मैथिलीनं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

“अप्पा, जा ना,” ती म्हणाली.

मी भुवया उंचावल्या.

“आज तुमचा आवाज नव्हता म्हणून माझ्या बॅकना माझा ऐकू आला. फायनलला तुमचा घसा बरा झालेला असेल. तुम्ही त्यांच्याकडून बसा. त्यांच्या गोलीच्या अगदी जवळ.”

गेलो. शब्द दिला की कोल्हापूरचा माणूस हात राखत नाही. खुर्ची गोलमागं, उन्हात कडक झालेली हलगी आणि ताजा घसा. मी पिवळ्यांसाठी इतक्या इमानानं ओरडलो, की त्यांच्या गोलीचं अवाक्षर त्यांच्या बॅकना ऐकू आलं नाही आणि मैथिलीचा संघ तीन गोलांनी जिंकला. कोचबाई सज्जन. त्यांनी बक्षीस समारंभात मला बोलावून उपविजेत्यांचं एक जादा पदक माझ्या गळ्यात घातलं.

आता आमच्या दिवाणखान्यात दोन पदकं शेजारी शेजारी लटकतात. पाहुणे आले की सासूबाई आधी नातीचं सोनेरी पदक दाखवतात आणि मग माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणतात, “आणि हे आमच्या माप्ळ्यांचं. घरात एकटेच हरले होते, बरं का.”